क्लब कुणाचा? मॉन्ट्रियलची बर्फावरील हॉकी आणि फ्रेंच भाषिक समाज

आपल्याकडे ‘हॉकी’ हा शब्द उच्चारला की हिरवळीचे मैदान आणि मेजर ध्यानचंद यांची आठवण होते. कॅनडात मात्र त्याच शब्दाने बर्फावरील खेळाचाच बोध होतो. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असे गोठविलेल्या पाण्याचे अंगण, त्याभोवती कठडा, पायांत पोलादी पात्यांचे बूट चढविलेले दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू आणि चेंडूच्या जागी रबराची एक काळी चकती, असे या खेळाचे स्वरूप आहे. २० मिनिटांच्या तीन सत्रांत सामना होतो. खेळाचा वेग एवढा असतो की खेळाडू मिनिटभराच्या आसपास खेळून बाकावर परततो आणि त्याची जागा दुसरा घेतो. अंगाने धडक देणे नियमात बसते. मारामारी नियमात बसत नाही, तरी ती होते, आणि तिला पाच मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा ठरलेली आहे.

प्रस्तुत लेखक या खेळाचा अनेक वर्षांचा चाहता आहे. त्यामुळे पुढील विवेचनात इतिहासाबरोबर चाहत्याची मतेही येतील, आणि ती मते म्हणूनच वाचावीत. ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला तो प्रश्न मात्र केवळ खेळाचा नाही. व्यावसायिक क्लब कुणाचा असतो? कागदोपत्री तो मालकाचा असतो, हे उघड आहे. परंतु एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या त्या क्लबमध्ये स्वतःला पाहत आला असेल, आपल्या भाषेचा व मानापमानाचा हिशेब त्याच्या जय-पराजयात मांडत आला असेल, तर त्या समाजाचा त्यावर काही हक्क उत्पन्न होतो की नाही? मॉन्ट्रियल शहर आणि तेथील ‘कॅनाडियन्स’ हा क्लब यांच्या इतिहासात या प्रश्नाचे जितके स्पष्ट दर्शन घडते तितके अन्यत्र क्वचितच घडत असेल.

एका विसंगत जन्माची कथा

कॅनडातील क्वेबेक प्रांत मूळचा फ्रेंच वसाहतीचा. १७६३ च्या पॅरिस तहान्वये तो ब्रिटिशांकडे गेला. राज्यकर्ते बदलले, पण प्रजेची भाषा फ्रेंच आणि धर्म कॅथलिक हाच राहिला. पुढील दोन शतकांत या प्रांतातील सर्वांत मोठे शहर असलेल्या मॉन्ट्रियलमध्ये एक विभागणी रुजली. बँका, रेल्वे कंपन्या, मोठी दुकाने आणि कारखान्यांची कचेरी इंग्रजीत चालत. त्याच कारखान्यांतील कामगारवस्ती बहुतांशी फ्रेंच बोलत असे. फ्रेंच भाषिक संख्येने अधिक होते, परंतु बढती हवी असेल तर इंग्रजी यावी लागे.

संघटित स्वरूपातील बर्फावरील हॉकीचा बंदिस्त जागेतील पहिला नोंदलेला सामना याच शहरात, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक येथे, ३ मार्च १८७५ रोजी झाला. खेळणारे बहुतांशी इंग्रजी भाषिक, सुस्थितीतील तरुण होते. १८९२ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी दिलेल्या चषकाने या खेळाला राष्ट्रीय प्रतिष्ठा दिली, आणि १८९३ मध्ये तो चषक प्रथम जिंकणारी संस्थाही मॉन्ट्रियलची, पण इंग्रजी भाषिकांचीच होती. फ्रेंच भाषिक तरुण या खेळात आले ते थोडे उशिरा.

४ डिसेंबर १९०९ रोजी ‘कॅनाडियन्स’ क्लबची स्थापना झाली. ‘कानाद्यां’ हे नाव त्या काळी फ्रेंच भाषिक आपल्यापुरतेच वापरीत असत. इतर सगळे त्यांच्या लेखी ‘इंग्रज’. क्लब फ्रेंच खेळाडूंचा असावा, अशी योजना होती. परंतु या योजनेमागे कोणी फ्रेंच देशाभिमानी नव्हता. पैसा घातला होता आँटारिओ प्रांतातील रेनफ्रू गावच्या खाणमालक घराण्यातील अ‍ॅम्ब्रोज ओब्रायन यांनी. शहरात इंग्रजी भाषिकांचे क्लब होतेच. त्यांच्याविरुद्ध एक फ्रेंच क्लब उभा केला तर चुरस वाढेल आणि तिकिटे खपतील, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता. संघ बांधण्याची जबाबदारी जॅक लाव्हिओलेत या खेळाडूवर सोपविण्यात आली.

म्हणजे पुढे ज्या क्लबला फ्रेंच समाजाने आपल्या प्राणाइतके जपले, तो मुळात एका इंग्रजी भाषिक धनिकाने तिकीटविक्रीसाठी निर्माण केला होता. पुष्कळ चाहत्यांना ही गोष्ट अडचणीची वाटते. मला ती तशी वाटत नाही. संस्था कोणी व कोणत्या हेतूने काढली, यापेक्षा पुढे तिच्यात कोणी जीव ओतला याला इतिहासात अधिक मोल असते. आपल्या अवतीभवतीच्या कित्येक जुन्या संस्थांचे दप्तर उघडून पाहिले तरी याची प्रचीती येईल.

१९१६ साली कॅनाडियन्सनी पहिला स्टॅन्ली चषक जिंकला. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात ‘नॅशनल हॉकी लीग’ स्थापन झाली आणि कॅनाडियन्स तिच्या मूळ सभासदांपैकी एक ठरले. १९२४ मध्ये शहरात ‘मरून्स’ हा इंग्रजी भाषिकांचा नवा क्लब निघाला आणि त्याच वर्षी ‘फोरम’ हे भव्य क्रीडागृह उभे राहिले. ते बांधले गेले मरून्ससाठी. कॅनाडियन्स तेथे नंतर आले. परंतु महामंदीत एका शहराला दोन क्लब पोसवेनात. १९३८ मध्ये मरून्स बंद पडले, आणि फोरम कॅनाडियन्सचे झाले. इंग्रजी भाषिक प्रेक्षकही मग त्याच क्लबकडे वळले. क्लब दोन्ही भाषांचा झाला, तरी त्याचे हृदय फ्रेंचच राहिले. ते तसे राहण्याचे श्रेय ज्याला द्यावे लागते त्या खेळाडूचा उदय त्यानंतर चार वर्षांनी झाला.

रिशार

मोरिस रिशार यांचा जन्म ४ ऑगस्ट १९२१ रोजी मॉन्ट्रियल येथे झाला. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार होते, आणि मुलगाही यंत्रकामगारच झाला असता. १९४२ मध्ये ते कॅनाडियन्समध्ये दाखल झाले तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. १९४४–४५ च्या हंगामात त्यांनी ५० सामन्यांत ५० गोल केले. तोपर्यंत ही मजल कोणीही मारली नव्हती. युद्धामुळे चांगले खेळाडू सैन्यात गेले म्हणून हे शक्य झाले, असे म्हणणारे होतेच. रिशार यांनी युद्धानंतरही वर्षानुवर्षे गोल करून त्यांना उत्तर दिले, आणि १९५७ साली ५०० गोल करणारे ते पहिले खेळाडू ठरले.

त्यांच्या खेळाचे वर्णन करताना जुने प्रेक्षक त्यांच्या डोळ्यांविषयी बोलत. प्रतिस्पर्धी गोलरक्षकावर रोखलेली ती नजर, पाठीवर लोंबकळणाऱ्या बचावपटूला ओढत नेत केलेले गोल, आणि भडकून उठणारा राग, अशी त्यांची ख्याती होती. मैदानाबाहेर हाच माणूस अबोल आणि संकोची होता. प्रतिस्पर्धी संघ त्यांना डिवचण्यासाठी मुद्दाम खेळाडू सोडीत आणि त्यांच्या भाषेवरून, धर्मावरून शिव्या देत. रिशार प्रत्युत्तर देत, ते बहुधा हातांनी. दंड रिशार यांना होई. कारखान्यात मुकादमाचे बोलणे निमूटपणे ऐकून घेणारा फ्रेंच कामगार शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसे, तेव्हा त्याला तेथे ऐकून न घेणारा आपल्यातलाच एक माणूस भेटे. रिशार यांच्या लोकप्रियतेचे मर्म माझ्या मते येथे आहे. त्यांनी स्वतः कधी राजकीय भाषण केले नाही व कोणता झेंडाही हाती घेतला नाही.

लीगचे अध्यक्ष होते क्लॅरन्स कॅम्पबेल. ऑक्सफर्डचे ऱ्होड्स विद्वान, पेशाने वकील, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत काम केलेले अधिकारी, अशी त्यांची पार्श्वभूमी. लीगचे कार्यालय मॉन्ट्रियलमध्येच होते आणि कॅम्पबेलही त्याच शहरात राहत. १९५४ च्या आरंभी रिशार यांनी एका फ्रेंच साप्ताहिकातील आपल्या सदरात, कॅम्पबेल यांनी सहकारी जॉफ्रिओं यांना केलेल्या शिक्षेवर टीका केली आणि त्यांना हुकूमशहा म्हटले. परिणामी त्यांना माफी मागावी लागली, हमी म्हणून १,००० डॉलर ठेवावे लागले आणि सदरही बंद करावे लागले. फ्रेंच वाचकांच्या मनात हा प्रसंग घर करून राहिला.

मार्च १९५५

१३ मार्च १९५५ रोजी बोस्टन येथील सामन्यात हॅल लेको या खेळाडूची काठी रिशार यांच्या डोक्याला लागली व रक्त आले. रिशार काठी घेऊन त्याच्यावर धावून गेले. त्यांना आवरणाऱ्या क्लिफ थॉम्प्सन या साहाय्यक पंचालाही त्यांनी ठोसे मारले. १६ मार्च रोजी कॅम्पबेल यांनी सुनावणी घेतली आणि निकाल दिला: हंगामातील उरलेले तीन सामने आणि त्यानंतरची संपूर्ण चषक-स्पर्धा यांतून रिशार यांना बाद करण्यात येत आहे. त्या वेळी रिशार हंगामाच्या गुणतक्त्यात पहिल्या स्थानी होते. हा मान त्यांना पूर्वी कधीच मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, फोरममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. येऊ नका, असा सल्ला मिळूनही कॅम्पबेल आले, तेही पहिले सत्र सुरू झाल्यावर, सर्वांच्या नजरेसमोरून चालत. त्यांच्यावर टोमॅटो, अंडी, मिळेल ते फेकले गेले. हस्तांदोलनाच्या मिषाने पुढे आलेल्या एकाने त्यांना थप्पड मारली. सत्र संपले तेव्हा डेट्रॉइट ४–१ असा आघाडीवर होता. इतक्यात प्रेक्षागृहात अश्रुधुराचे नळकांडे फुटले. अग्निशमन प्रमुखांनी फोरम रिकामे करण्याचा आदेश दिला, सामना डेट्रॉइटला बहाल झाला आणि जमाव सेंट कॅथरिन रस्त्यावर आला. तेथे आधीपासूनच हजारो लोक निदर्शने करीत होते. मध्यरात्र उलटेपर्यंत काचा फुटल्या, दुकाने लुटली गेली, मोटारी उलथविल्या गेल्या. ३७ जण जखमी झाले. नुकसानीचा अंदाज सुमारे एक लाख डॉलर होता. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही.

१८ मार्चच्या संध्याकाळी रिशार यांनी नभोवाणीवरून फ्रेंच व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आवाहन केले. आणखी दंगा नको, मी शिक्षा भोगीन आणि पुढच्या वर्षी परत येऊन क्लबला चषक जिंकण्यास मदत करीन, असा त्याचा आशय होता. शहर शांत झाले. त्या वर्षीची अंतिम फेरी डेट्रॉइटने ४–३ अशी जिंकली. पुढच्या वर्षी, १९५६ मध्ये, कॅनाडियन्सनी चषक घेतला आणि १९६० पर्यंत सलग पाच वर्षे तो आपल्याकडेच ठेवला. ही कामगिरी आजवर कोणत्याही संघाला साधलेली नाही. पाचव्या विजयानंतर रिशार निवृत्त झाले.

त्या रात्रीचा अर्थ

या दंगलीकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या दृष्टी आहेत. एक म्हणते, तो हॉकीवेड्या जमावाचा धिंगाणा होता, अधिक काही नाही. दुसरी म्हणते, क्वेबेकमधील ‘शांत क्रांती’चा आरंभच त्या रात्री झाला. १९६० मध्ये जाँ लसाज यांचे सरकार आले, विजेच्या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, शिक्षण चर्चच्या हातून शासनाकडे आले, १९७७ मध्ये फ्रेंचला व्यवहारात अग्रस्थान देणारा भाषा-कायदा झाला. या सर्व घटनांची गंगोत्री म्हणून पुष्कळ लेखक १७ मार्चकडे बोट दाखवितात.

मला दोन्ही दृष्टी अपुऱ्या वाटतात. प्रथम निकालाविषयी. पंचावर हात उचलणे हा कोणत्याही खेळात अक्षम्य अपराध आहे आणि रिशार यांची ती पहिली वेळ नव्हती. फ्रेंच खेळाडूला शिक्षा केली एवढ्यावरून कॅम्पबेल यांना अन्यायी ठरविता येणार नाही. चषक-स्पर्धेतून वगळणे कठोर होते, पण निराधार नव्हते. कॅम्पबेल यांची खरी चूक निकालात नसून दुसऱ्या दिवशीच्या वर्तनात होती. आपण काय निवाडा दिला हे त्यांना कळत होते. तो ज्यांच्यावर कोसळला त्यांना तो कसा भासेल, याची त्यांना कल्पना करता आली नाही, अथवा करावीशी वाटली नाही. महापौर जाँ द्रापो यांनीही त्या उपस्थितीला चिथावणी मानले.

दुसरे, तो जमाव केवळ भाषाभिमानाने पेटला होता हे म्हणणेही तपासून घेतले पाहिजे. रिशार खेळू शकत नव्हते तेव्हा गुणतक्त्यात त्यांचेच सहकारी बर्नी जॉफ्रिओं ७५ विरुद्ध ७४ अशा एका गुणाने त्यांच्या पुढे गेले. जॉफ्रिओं अस्सल मॉन्ट्रियलचे, फ्रेंच भाषिक. तरीही फोरममधील प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली. गोल केला म्हणून स्वतःच्याच संघातील खेळाडूला प्रेक्षकांनी हिणविल्याचे असे उदाहरण विरळा. भाषेची अस्मिता हेच एकमेव कारण असते तर जॉफ्रिओं यांच्या वाट्याला टाळ्या आल्या असत्या. क्लबची मालकीही त्या काळी फ्रेंच भाषिक सेनेटर दोना रेमों यांच्या कंपनीकडे होती. म्हणजे चित्र दोन रंगांचे नव्हते.

तरीही त्या रात्रीला अर्थ आहे, आणि तो नेमका शब्दांत मांडणारा पत्रकार चार दिवसांतच पुढे आला. ‘ल दव्वार’ या दैनिकात २१ मार्च रोजी आंद्रे लोरांदो यांनी लेख लिहिला. लोक वरकरणी एका हॉकीपटूसाठी चिडले असले, तरी त्यामागे फ्रेंच कॅनडाचा जुना सल आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हेच लोरांदो १९६३ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या द्विभाषा आणि द्विसंस्कृती आयोगाचे सहअध्यक्ष झाले. स्वतःच्याच प्रांतात फ्रेंच वंशाच्या पुरुषांचे सरासरी उत्पन्न वांशिक गटांच्या क्रमवारीत जवळजवळ तळाशी आहे, हे त्या आयोगाच्या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवून दिले. दंगलीने ही विषमता निर्माण केली नव्हती आणि दूरही केली नाही. तिने ती दृश्य केली, इतकेच म्हणणे इतिहासाला धरून होईल.

खेळाला मिळालेली भाषा

दंगलीविषयी ग्रंथ आहेत, चित्रपट आहेत. मला मात्र त्याच काळात घडत असलेली दुसरी एक, गाजावाजा नसलेली गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

हॉकी इंग्रजीतून वाढलेला खेळ. फ्रेंच मुले गल्लीत खेळत ती इंग्रजी शब्द आपल्या उच्चाराने मोडून-तोडून वापरीत. ११ ऑक्टोबर १९५२ रोजी मॉन्ट्रियलहून कॅनडातील हॉकीचे पहिले दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले, ते फ्रेंच वाहिनीवर. टोरोंटोहून इंग्रजी प्रक्षेपण सुरू झाले तीन आठवड्यांनंतर. या फ्रेंच प्रक्षेपणाचे निवेदक होते रने लकाव्हालिए. त्यांनी पुढील तीन दशके सामन्यांचे वर्णन शुद्ध, प्रवाही फ्रेंचमध्ये केले. चकतीला ‘रोंदेल’, जोरकस फटक्याला ‘लांसे फ्रापे’ असे शब्द त्यांच्या तोंडून घरोघरी पोहोचले आणि रूढ झाले. यांतले सगळेच शब्द त्यांनी घडविले असे नाही. परंतु ते लोकांच्या जिभेवर बसविण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. शब्दकोशाने किंवा सरकारी परिपत्रकाने जे झाले नसते ते शनिवारच्या संध्याकाळच्या एका कार्यक्रमाने झाले. कारखान्यातील कामगार आणि विद्यापीठातील प्राध्यापक एकाच खेळाविषयी एकाच, स्वतःच्या भाषेत बोलू लागले.

मराठी वाचकाला याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. यष्टिरक्षक, षटक, पायचीत, त्रिफळा हे शब्द आपल्या वृत्तपत्रांनी आणि आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी घरात आणले, म्हणून क्रिकेट मराठीत नांदू शकले. परका खेळ आपला कसा होतो, याचे एक उत्तर असे की, तो आपल्या भाषेत सांगता येऊ लागतो तेव्हा.

पुढे साहित्यातही हॉकीला जागा मिळाली. रॉक कारिए यांची १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली, आज ‘हॉकीचा स्वेटर’ म्हणून परिचित असलेली कथा क्वेबेकच्या एका खेड्यातील आहे. गावातील प्रत्येक मुलाच्या अंगात रिशार यांचा नऊ क्रमांकाचा स्वेटर. एका मुलाला मात्र टपालाने मागविलेल्या पार्सलातून चुकून टोरोंटोचा, म्हणजे शत्रुपक्षाचा, स्वेटर येतो आणि इंग्रजी दुकानदाराचे मन दुखवू नये म्हणून आई तोच घालायला लावते. सबंध कॅनडाने ही कथा आपली मानली. २००२ मध्ये काढलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर तिच्यातील काही ओळी दोन्ही भाषांत छापल्या गेल्या. ज्या कथेत दोन भाषिक समाजांतील अवघडलेपणाच विनोदाने मांडले आहे, तिलाच राष्ट्राच्या चलनावर स्थान मिळावे, हे मला विशेष वाटते.

१९९५: मालकीचा दाखला

आता दुसऱ्या शहराकडे वळू. प्रांताची राजधानी असलेले क्वेबेक शहर मॉन्ट्रियलपेक्षा लहान आणि जवळजवळ संपूर्ण फ्रेंच भाषिक. तेथील ‘नॉर्दिक’ हा क्लब १९७९ मध्ये नॅशनल हॉकी लीगमध्ये आला. त्याच्या निळ्या पोशाखावर क्वेबेकच्या ध्वजावरील लिलीची फुले होती. दोन शहरांतील चुरस विलक्षण तीव्र झाली. तिच्यामागे व्यापारही होता, कारण कॅनाडियन्सचे मालक मोलसन आणि नॉर्दिकचे मालक कार्लिंग ओकीफ या दोन्ही बिअर बनविणाऱ्या कंपन्या होत्या.

नव्वदीच्या दशकात खेळाडूंचे वेतन झपाट्याने वाढले. ते अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागे आणि तिकिटांचे उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये येई. छोट्या शहरातील जुन्या क्रीडागृहाला हे ओझे पेलवेना. नव्या क्रीडागृहासाठी शासनाकडून अपेक्षित मदत मिळाली नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात क्लब ७.५ कोटी अमेरिकी डॉलरना विकला गेला आणि कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हरला हलविण्यात आला. नाव बदलले, पोशाख बदलला, लिलीची फुले गेली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला क्वेबेकच्या सार्वभौमत्वावर सार्वमत झाले आणि ते सुमारे एका टक्क्याच्या फरकाने फेटाळले गेले. जून १९९६ मध्ये त्याच संघाने डेन्व्हरसाठी, पहिल्याच हंगामात, स्टॅन्ली चषक जिंकला. संघाचा गोलरक्षक होता पात्रिक रुआ, जो डिसेंबर १९९५ पर्यंत कॅनाडियन्सचा आधारस्तंभ होता. क्वेबेकच्या चाहत्यांसाठी यापेक्षा कडवट दृश्य कल्पनेतही रंगविता आले नसते.

१९५५ मध्ये एका खेळाडूला तीन सामने आणि एका स्पर्धेतून वगळले म्हणून शहर पेटले होते. १९९५ मध्ये संपूर्ण संघ गेला आणि काही पेटले नाही. कोणावर दगड मारायचा? समोर कॅम्पबेल नव्हते. होता तो एक विक्रीचा करार, दोन्ही पक्षांनी राजीखुशीने सह्या केलेला. मला वाटते, लीगच्या सत्तेचे खरे स्वरूप चाहत्यांना त्या वर्षी उमगले. अध्यक्षाची शिक्षा सोसून संघ परत येतो. विकलेला संघ परत येत नाही. २०१५ मध्ये क्वेबेक शहरात शहर आणि प्रांत यांच्या तिजोरीतून सुमारे ३७ कोटी कॅनेडियन डॉलर खर्चून नवे क्रीडागृह उभारले गेले. २०१६ मध्ये लीगने नवा संघ दिला तो वाळवंटातील लास व्हेगसला, आणि क्वेबेकचा अर्ज लांबणीवर टाकला. चाहता म्हणून माझे मत असे की, लोकांच्या करातून क्रीडागृह बांधून घ्यायचे आणि संघ मात्र खासगी मालमत्ता म्हणून कोठेही हलवायचा, ही व्यवस्था न्याय्य नाही. जेथे सार्वजनिक पैसा लागतो तेथे स्थलांतरावर सार्वजनिक बंधनही असले पाहिजे.

शिल्लक काय राहिले

२७ मे २००० रोजी रिशार यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव क्रीडागृहात ठेवले गेले तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांनी रांगा लावून अंत्यदर्शन घेतले. क्वेबेक सरकारने शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार केले. तेथे एखाद्या खेळाडूला असा मान प्रथमच मिळाला. त्या रांगेत इंग्रजी भाषिकही होते.

कॅनाडियन्सनी २४ वेळा स्टॅन्ली चषक जिंकला आहे. त्यातला शेवटचा १९९३ मधील. २००१ मध्ये क्लबचा मोठा हिस्सा एका अमेरिकी उद्योजकाने घेतला, २००९ मध्ये तो पुन्हा मोलसन घराण्याकडे आला. डिसेंबर २०११ मध्ये फ्रेंच न येणारा प्रशिक्षक नेमला गेला तेव्हा शहरात निदर्शने झाली. त्या वेळी इंग्रजी वृत्तपत्रांतील पुष्कळांनी याला संकुचितपणा म्हटले. मला ते मान्य नाही. प्रशिक्षक हा रोज संध्याकाळी लाखो लोकांशी बोलणारा माणूस आहे. त्याने त्यांच्या भाषेत बोलावे, ही अपेक्षा गैरवाजवी नाही. खेळाडूंविषयी मात्र असाच आग्रह धरणे मला पटत नाही. आता खेळाडू स्वीडन, फिनलंड, रशिया, अमेरिका अशा देशोदेशींहून येतात. १० मे २०२१ रोजी कॅनाडियन्सचा संघ, क्लबच्या इतिहासात प्रथमच, क्वेबेकमध्ये जन्मलेल्या एकाही खेळाडूविना बर्फावर उतरला. १९०९ ची मूळ कल्पना त्या दिवशी पूर्णपणे संपली, असे कोणी म्हणाले तर ते खोडून काढणे कठीण आहे.

तरीही क्लब कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘मालकाचा’ असे देऊन मी थांबणार नाही. या इतिहासात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. क्लब ही मालमत्ता आहे. ती मालकाची असते, तिची खरेदी-विक्री होते. खेळाडू ही माणसे आहेत. ती येतात आणि जातात. परंतु त्या खेळाभोवती समाजाने जे निर्माण केले, म्हणजे त्याची परिभाषा, त्याच्या कथा, घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या आठवणी, ते कोणत्याही विक्रीपत्रात येत नाही. १९५५ च्या दंगलीने फ्रेंच समाजाच्या हाती कोणताही टिकाऊ हक्क दिला नाही. लकाव्हालिए यांच्या निवेदनाने दिला.

आपल्यासारख्या, भाषेच्या मूळ प्रांताबाहेर चार-पाच पिढ्या घालविलेल्या कुटुंबांची स्थिती क्वेबेकहून निराळी आहे. त्यांच्यामागे बहुसंख्या होती, स्वतःचे प्रांतिक सरकार होते. आपल्यामागे ती नाही. म्हणून सरधोपट तुलना करू नये. पण वास्तू, संस्था, नाटकगृहे यांची मालकी हातची निसटताना पाहण्याचा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही, आणि तेव्हा सारे लक्ष वास्तूच्या कागदपत्रांवरच खिळून राहते हेही आपण जाणतो. क्वेबेक शहरात आज नॉर्दिक नाहीत. तरी तेथील गोठलेल्या तळ्यांवर मुले खेळतात, आणि ती ज्या चकतीमागे धावतात तिला ‘रोंदेल’च म्हणतात.